वर्गाचे दार उघडा

रात्रीचा वर्ग आपल्याला नवा नाही. दिवसभर कामधंदा होतो, घरची जेवणे आटोपतात, मग पाटी-वही काखेत मारून आपण वर्गाला येतो. तास-दीड तास बसतो. वर्गात काय चालते ते आपल्याला ठाऊक असते. पण वस्तीतल्या बाकीच्या लोकांना ते ठाऊक असते का?

जरा शेजारी विचारून पाहा. एक म्हणेल, "म्हातारपणी कसली आलीय शाळा!" दुसरी म्हणेल, "माझं बोलणं ऐकून तिथं सगळी हसतील." तिसऱ्याला वर्ग कुठे भरतो हेच माहीत नसेल. एखादी सासू म्हणेल, "सून रोज जाते खरी, पण तिथं करतात तरी काय?"

अशा शंकांपायी माणसे घरी राहतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सात वर्षांवरच्या दर शंभर बायकांमागे सुमारे चोवीस जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. या चोवीस जणी कुठे लांब राहत नाहीत. आपल्याच गल्लीत राहतात. त्यांना नुसते "या, या" म्हणून भागत नाही. वर्ग त्यांना डोळ्यांनी दिसला पाहिजे.

म्हणून वर्षातून एक दिवस वर्गाचे दार सगळ्यांना उघडे ठेवावे. कुणीही यावे, बसावे, विचारावे, चार घास खावे आणि जावे. यालाच वर्गाचा खुला दिवस म्हणतात. भाषा शिकविणाऱ्या वर्गात या दिवसाला आणखी शोभा येते. कारण भाषेबरोबर माणसाचे सण, गाणी, पदार्थ आणि चालीरीती येतात. त्या सगळ्या एकमेकांना दाखविता येतात.

ही रीत जुनीच आहे

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांनी किती नावे ठेविली हे आपण ऐकले आहे. शाळेत मुली बिघडतात, असे लोक म्हणत. मग १८५३ साली त्यांच्या शाळांतल्या मुलींची परीक्षा भर लोकांत झाली. ती पाहायला पुण्यात मोठी गर्दी लोटली. मुली वाचतात, उत्तरे देतात, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. ऐकीव गोष्टीपेक्षा पाहिलेली गोष्ट मनात लवकर उतरते.

पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातली मोठी माणसे लिहावाचायला शिकली. गाव साक्षर झाले की तिथे ग्रामगौरव समारंभ होई. तो दिवस साऱ्या गावाचा असे. एका गावचा समारंभ पाहून शेजारच्या गावाला हुरूप येई. ही मोहीम पुढे राज्यभर पसरली.

अलीकडचे उदाहरण घ्या. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली. साठीच्या पुढच्या, नव्वदीच्या घरातल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. शाळा लपूनछपून भरली असती, तर ती गावाबाहेर कुणाला कळली नसती. आज्यांनी ती सगळ्यांना दाखविली. पाहणाऱ्यांना वाटले, या वयात यांना जमते, तर आपल्याला का जमू नये?

सोलापूरकडे पाहा

खुला दिवस कसा करावा, हे समजून घ्यायला एखादे गाव डोळ्यांपुढे ठेवू. सोलापूर घेऊ. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा रोज कानांवर पडतात.

हे कसे झाले? सोलापूरच्या हद्दीला लागून कर्नाटक आहे. अक्कलकोटकडच्या कित्येक घरांत कानडी बोलतात. १८७७ साली सोलापुरात कापडाची पहिली गिरणी निघाली. लोक तिला 'जुनी मिल' म्हणत. विणकामाच्या ओढीने तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि इथलेच झाले. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमागांवर सोलापुरी चादरी आणि टॉवेल निघत राहिले. घरोघरी बाया विड्या वळू लागल्या. २००६ साली शहराजवळ कुंभारी इथे विडी कामगार बायांसाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे.

आता अशा एखाद्या वस्तीत मराठीचा वर्ग चालतो असे समजा. तिथे येणाऱ्या बाईची घरची भाषा तेलुगू आहे. ती पाने आणि तंबाखू घरी आणते, विड्या वळते आणि नेऊन देते. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पंचवीस-पंचवीसची एक जुडी धरली, तर हजाराला चाळीस जुड्या होतात. नेलेला माल तपासतात. नापास विड्या बाजूला पडतात. उरलेल्यांचा आकडा वहीत लिहितात.

वहीत काय लिहिले, हे तिला वाचता आले नाही तर? समोरचा सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. दवाखान्याची चिठ्ठी, रेशनचा कागद, घराची पावती, मुलाच्या शाळेतला निरोप, सगळीकडे हीच गत. ती मुकी नाही. घरी ती धडाधडा बोलते, गाणी म्हणते, भाव करते. पण मराठी कागद पुढे आला की तिचे तोंड बंद होते. म्हणून तिला मराठी लिहावाचायला शिकायचे आहे.

तिच्या घरच्यांच्या मनात मात्र एक भीती असते. "मराठी शिकली की पोरंबाळं आपली भाषा विसरतील." आणि पलीकडच्या मराठी गल्लीत लोक म्हणतात, "ही मंडळी आपल्यात मिसळतच नाहीत." दोन्हीकडच्या लोकांना एका जागी बसविणे, हे खुल्या दिवसाचे मोठे काम आहे.

दिवस कोणता धरावा

आधी आपल्या लोकांचे कामाचे दिवस पाहावेत. मजुरीचा दिवस, बाजाराचा दिवस, लग्नसराईची दाट तिथ, हे टाळावे. सोलापूरचे ऊन कडक असते. चैत्र-वैशाखात दुपारी लोक बाहेर पडत नाहीत. थंडीचे दिवस बरे.

काही दिवस आपसूक चांगले आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतात. ८ सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन असतो. २१ फेब्रुवारीला जगभर मातृभाषा दिन पाळतात. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९५२ साली ढाक्यात आपल्या बंगाली भाषेला मान मिळावा म्हणून तरुण मुले रस्त्यावर उतरली. पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतले काही मेले. त्यांची आठवण म्हणून युनेस्कोने १९९९ साली हा दिवस ठरविला. चार भाषांच्या वर्गाला हा दिवस शोभतो. एका दिवशी प्रत्येकाच्या आईच्या भाषेला पाट मांडता येतो.

वेळ दुपारी तीन ते सहा ठेवावी. उजेड असतो, दिव्याची काळजी नसते, बाया-पोरे अंधाराआधी घरी जातात.

तयारी

एक महिना आधी वर्गातच बैठक घ्यावी. पाच जणांची समिती नेमावी. त्यांत वर्गाचे गुरुजी किंवा बाई एकच असाव्यात. बाकीचे चार जण शिकणारे असावेत. सगळे काम गुरुजींवर टाकले, तर तो दिवस गुरुजींचा होतो.

कामे अशी वाटावीत. एकाने जागा पाहावी. एकाने निमंत्रणे पाहावीत. एकीने खाण्यापिण्याचे पाहावे. एकाने पैशाचा हिशेब ठेवावा. एकाने मांडणी पाहावी. प्रत्येकाने आपल्या कामाची यादी स्वतः लिहावी. हस्ताक्षर वेडेवाकडे असले तरी चालेल. यादी लिहिणे, तारीख घालणे, बेरीज करणे, हाच त्या महिन्याचा अभ्यास समजावा.

निमंत्रण छापून घेऊ नये. वर्गातल्यांनी हाताने लिहावे. मजकूर लहान असावा. नमुना देतो:

"सप्रेम नमस्कार. आमच्या रात्रीच्या मराठी वर्गाचा खुला दिवस येत्या रविवारी आहे. वेळ दुपारी ३ ते ६. आम्ही काय शिकलो ते पाहायला या. आमच्या घरच्या भाषेतले चार शब्दही शिकून जा. पैसे नाहीत, भेटवस्तू नको. घरातल्या सगळ्यांना आणा. आपले, वर्गातले विद्यार्थी."

हे निमंत्रण घरोघर जाऊन द्यावे आणि दाराशी उभे राहून वाचून दाखवावे. घरात कुणाला वाचता येते, कुणाला नाही, याची चौकशी करू नये. सगळ्यांनाच वाचून दाखविले म्हणजे कुणाला कमीपणा वाटत नाही. शिवाय काल अंगठा उठविणारी बाई आज दारात उभी राहून वाचते आहे, हे पाहूनच अर्धे काम होते.

निमंत्रण कुणाकुणाला द्यावे? आधी शेजाऱ्यांना. मग घरच्यांना, विशेषतः सासू, नवरा आणि दीर यांना. मग दवाखान्यातल्या नर्सबाई, पोस्टातले आणि बँकेतले कारकून, रेशन दुकानदार, मुलांच्या शाळेतले शिक्षक. रोज या लोकांसमोर आपण घाबरत उभे राहतो. एक दिवस ते आपल्याकडे पाहुणे म्हणून आले, की पुढच्या खेपेला खिडकीशी बोलताना धीर येतो.

खर्च

खुल्या दिवसाला फार पैसा लागत नाही. मंडप नको, ध्वनिक्षेपक नको, हार-तुरे नकोत. जागा वर्गाची. सतरंज्या घरोघरच्या. कागद, खडू, सुतळी आणि चहा, एवढाच खर्च.

शंभर माणसांच्या चहाचा अंदाज काढू. लहान कपात साधारण ८० मिलिलिटर चहा बसतो. शंभर कपांना ८ लिटर चहा झाला. त्यात अर्धे दूध धरले, तर ४ लिटर दूध. साखर सुमारे १ किलो. चहापूड पाव किलो. आपल्या बाजारातले भाव घालून बेरीज करा. रक्कम वर्गातल्या माणसांत भागा. पुष्कळदा आकडा वाटला होता त्याहून लहान निघतो.

वर्गणी सक्तीची नसावी. ज्याला पैसे जमत नाहीत त्याने सतरंजी आणावी, झाडलोट करावी. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे एका वहीत लिहावे. ती वही वर्गात उघडी ठेवावी. कुणीही पाहावी.

काय काय मांडावे

वर्गाच्या जागेत पाच कोपरे करावेत. प्रत्येक कोपऱ्यात दोन माणसे ठेवावीत, म्हणजे एकाला चहाला जाता येते.

पहिला कोपरा वह्यांचा. प्रत्येकाने आपल्या वहीचे पहिले पान आणि आजचे पान शेजारी शेजारी लावावे. पहिल्या पानावर नुसत्या रेघा आणि गोल असतात. आजच्या पानावर नाव, पत्ता, मुलांची नावे असतात. यापुढे भाषणाची गरज पडत नाही.

दुसरा कोपरा कागदांचा. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, बसची पाटी, विजेचे बिल, मजुरीची वही, यांचे नमुने मोठ्या अक्षरांत लिहून लावावेत. वर्गातल्या बाईने पाहुण्यांना ते वाचून दाखवावेत. "या वहीत ९६० लिहिलंय. म्हंजे हजारातल्या ४० नापास केल्या," असे ती सांगेल तेव्हा शेजारीण कान टवकारून ऐकेल. तिच्याही घरी अशीच वही असते. एक काळजी घ्यावी. कुणाचे खरे बँकेचे पुस्तक किंवा आधार कार्ड भिंतीवर लावू नये. नमुना लिहावा, नाव आणि आकडे मनाचे घालावेत.

तिसरा कोपरा शब्दांचा. एक मोठा कागद घ्यावा. त्यावर चार रकाने आखावेत. रोजचे शब्द चारही भाषांत लिहावेत. ते असे:

पाणी: कानडीत नीरु, तेलुगूत नीळ्ळु, उर्दूत पानी.
दूध: कानडीत हालु, तेलुगूत पालु, उर्दूत दूध.
घर: कानडीत मने, तेलुगूत इल्लु, उर्दूत घर.
नाव: कानडीत हेसरु, तेलुगूत पेरु, उर्दूत नाम.
तीन: कानडीत मूरु, तेलुगूत मूडु, उर्दूत तीन.

हा कागद पाहताच लोकांना गंमत वाटते. हालु आणि पालु या बहिणी दिसतात. पाणी आणि पानीही बहिणीच. म्हणजे कानडी-तेलुगू एका घरच्या आणि मराठी-उर्दू दुसऱ्या घरच्या. पण शेजार इतका जुना, की शब्दांची देवघेव झाली. मराठीत आपण तूप म्हणतो, कानडीत तुप्प म्हणतात. अक्का आणि अण्णा तर मराठी, कानडी, तेलुगू तिन्हीकडे आहेत. कुणी कुणाकडून किती घेतले याचा हिशेब शेजारी ठेवीत नाहीत.

अक्षरेही दाखवावीत. मराठी अक्षरांना डोक्यावर रेघ असते. कानडी आणि तेलुगू अक्षरे गोल वळणाची. ती एकाच जुन्या लिपीतून निघाली, म्हणून सारखी दिसतात. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. प्रत्येक पाहुण्याचे नाव चारही लिप्यांत लिहून त्याच्या हातात द्यावे. लोक तो कागद घरी जपून ठेवतात.

चौथा कोपरा सणांचा. मराठी घरांत आश्विनात मुली हादगा खेळतात. मध्ये हत्तीचे चित्र ठेवून भोवती फेर धरतात, गाणी म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायला लावतात. त्याच दिवसांच्या सुमारास तेलुगू बाया बतकम्मा करतात. रानफुलांची उतरंड रचतात, तिच्याभोवती फेर धरून टाळ्या वाजवीत गातात, मग फुले पाण्यात सोडतात. एकीकडे हत्ती, दुसरीकडे फुलांची उतरंड. फेर तोच, टाळी तीच. दोन्ही खेळ शेजारी शेजारी मांडावेत. पहिला फेर आपापल्या बायांनी धरावा. दुसऱ्या फेरात सगळ्यांनी मिळून धरावा.

पुरुषांसाठीही पुष्कळ आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. उंच नंदीध्वज घेऊन मिरवणूक निघते. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाची मार्कंडेयाची मिरवणूक निघते. ईद असते. यांची चित्रे लावावीत. आणखी एक चित्र जरूर लावावे. १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या चार जणांना इंग्रज सरकारने येरवड्याला फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही त्यांची नावे. नुसती नावे मोठ्याने वाचा. चौघे चार समाजांतले. मरण मात्र एकत्र पत्करले. ही नावे वर्गातल्या नव्या वाचणाऱ्याने वाचावीत.

पाचवा कोपरा खाण्याचा. घरोघरून थोडे थोडे आणावे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी तर सोलापूरची ओळखच आहे. पदार्थ त्याच दिवशी केलेला असावा आणि झाकून आणावा. प्रत्येक पदार्थापुढे त्याचे नाव आणि त्यात काय काय घातले ते लिहावे. कुणाचा उपास असतो, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत. सगळ्यांना चालेल असेच असावे. पिण्याचे पाणी झाकून, लांब दांड्याच्या ओगराळ्यासह ठेवावे.

त्या दिवशी पाहुणा शिकेल

या दिवशी एक नियम करावा. प्रत्येक पाहुण्याने दुसऱ्या भाषेतले पाच शब्द शिकूनच जायचे. शिकविणारे वर्गातले विद्यार्थी.

मग पाहा काय होते. बँकेतला कारकून तेलुगू बोलू पाहतो आणि अडखळतो. त्याची जीभ वळत नाही. समोरची बाई हसू दाबते आणि म्हणते, "हळू म्हणा साहेब, जमंल." त्याच घडीला त्या कारकुनाला समजते, की नवी भाषा बोलताना माणूस कसा अवघडतो. खिडकीपाशी गोंधळलेल्या बाईवर तो पुढे सहसा खेकसणार नाही. आणि त्या बाईलाही समजते, की न येणे ही लाजेची गोष्ट नाही. शिकले नाही तोवर कुणालाच येत नाही.

कधी कधी शब्दांवरून गैरसमज होतात. त्यांची तयारी आधी करावी. मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. कानडीत तायी म्हणजे आई. यावर हसून भागते. पण तेलुगूत आदराने 'या' म्हणण्याचा एक शब्द असा आहे, की तो मराठी कानाला शिवीसारखा लागतो. बिचारी यजमानीण मानाने बोलावते आणि पाहुणी रागाने लाल होते. अशा शब्दाचा अर्थ सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाकावा. "हा आमचा मानाचा शब्द आहे बरं का!" एवढे सांगितले की पुरे. कुणाच्याही भाषेला, उच्चाराला किंवा नावाला हसायचे नाही, हे समितीने स्पष्ट सांगावे. गमतीला सगळे मिळून हसणे वेगळे आणि एकाला हसणे वेगळे.

घरची भाषा सुटेल, ही भीतीही याच दिवशी निघते. नातवाला आजीची तेलुगू गाणी पाहुण्यांसमोर म्हणायला सांगावीत. आजीने सांगितलेली गोष्ट नातवाने तिच्या भाषेत लिहून लावावी, खाली तिचा मराठी अर्थ द्यावा. सासूला मग दिसते, की वर्गाने तिची भाषा काढून घेतली नाही. उलट भिंतीवर मानाने लावली.

काही गोष्टी टाळाव्यात

दाराशी सहीची वही ठेवू नये. हे फार महत्त्वाचे आहे. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठीच तर हा दिवस आहे. दारातच कुणी पेन पुढे केले, तर अशी बाई "घरी दूध उतू जातंय," असे सांगून परत फिरते. ती पुन्हा येत नाही. आलेल्यांची मोजदाद हवी असेल, तर दाराशी एकाने चिंचोके टाकून मोजावे.

लांब भाषणे नकोत. एकाने पाच मिनिटांत स्वागत करावे, दुसऱ्याने शेवटी आभार मानावेत. मोठ्या पाहुण्यासाठी लोकांना ताटकळत ठेवू नये. तीन म्हणजे तीन. निवडणुकीचे फलक लावू देऊ नयेत.

वाचून दाखविणाऱ्याला आपला मजकूर स्वतः निवडू द्यावा. वाचताना तो थांबला, तर पटकन शब्द सुचवू नये. थोडे थांबावे. तो जुळवून वाचतो. ज्याला लोकांपुढे वाचायचे नाही, त्याला आग्रह करू नये. त्याने चहा द्यावा, सतरंज्या घालाव्यात. वर्गाचा दिवस त्याचाही आहे.

हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नये. "मी शिकायला जाते हे माहेरी माहीत नाही," असे म्हणणाऱ्या बाया असतात. त्यांचा शब्द राखावा.

दुसऱ्या दिवशीचे काम

लोक घरी गेले म्हणजे काम संपले नाही. खरे काम पुढच्या आठवड्यात आहे. "मला पण यायचंय," असे ज्यांनी हळूच सांगितले, त्यांची नावे निघताना कुणी तरी कागदावर टिपून घेतलेली असावीत. आठ दिवसांच्या आत त्यांच्या घरी जावे. एकटे जाऊ नये, त्यांच्या ओळखीची एक बाई बरोबर घ्यावी. पहिल्या दिवशी तिने त्यांना हाताला धरून वर्गाला आणावे. उशीर केला तर उत्साह निवतो.

मग वर्गात बसून हिशेब वाचावा. शिल्लक राहिली तर पाट्या-पेन्सिली घ्याव्यात. ज्यांनी मदत केली त्यांना आभाराची पत्रे लिहावीत. हा पत्रलेखनाचा धडाच झाला. शेवटी तीन प्रश्न एकमेकांना विचारावेत. कोणत्या कोपऱ्यात लोक सगळ्यांत जास्त थांबले? कोण आले नाही आणि का? पुढच्या वर्षी काय वेगळे करू? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढची समिती कोऱ्या पाटीवर सुरू करीत नाही.

खुल्या दिवशी शंभर माणसे आली म्हणजे तो यशस्वी झाला असे नाही. पुढच्या आठवड्यात चार नवी माणसे वर्गात बसली, आणि महिनाभराने ती टिकून राहिली, तर तो दिवस सार्थकी लागला. चार म्हणजे थोडी वाटतात. पण त्या चौघींपैकी एकीने जरी मजुरीच्या वहीवर बोट ठेवून "हा आकडा चुकलाय, पुन्हा मोजा," असे म्हटले, तरी शाखेतल्या सगळ्या बायांच्या वह्या त्या दिवसापासून जपून लिहिल्या जातात.

आता हे करून पाहा

१. आपल्या वर्गात घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा किती, ते मोजा आणि त्यांची नावे लिहा.
२. पाणी, भाकरी, आई, घर आणि औषध हे शब्द त्या सगळ्या भाषांत लिहा.
३. एका शेजाऱ्यासाठी खुल्या दिवसाचे निमंत्रण स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याला वाचून दाखवा.
४. पन्नास माणसांच्या चहाला दूध, साखर आणि चहापूड किती लागेल, याचा हिशेब करा.